साल्सात 'एक' नेमका असतो कुठे? (आणि बचाता, मेरेंगे, कुंबिया कानाने कसे ओळखायचे?)

ढोलवाला_पुणे ३०

मंडळी, लॅटिन संगीतातलं कळणारं कुणी आहे का इथे?

पार्श्वभूमी अशी : बायकोच्या आग्रहाने आम्ही दोघं साल्साच्या क्लासला जायला लागलो. मी दर गणपतीत पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे ठेक्याचं आपल्याला कोण शिकवणार, अशा गुर्मीत गेलो होतो. सर टाळ्या वाजवत 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' म्हणतात तोवर पाय बरोबर पडतात. टाळ्या थांबून नुसतं गाणं उरलं की माझा 'वन' गायब. जिने आयुष्यात कधी टाळसुद्धा हातात धरला नाही ती बायको मजेत नाचते आणि वर मलाच खांद्याला धरून ओढते.

गेल्या शनिवारी सोशल होतं. साल्सा, बचाता, मेरेंगे, मधूनच कुंबिया, सगळी सरमिसळ. गाणं सुरू झाल्याझाल्या लोक जोडीदार पकडून मोकळे होतात आणि मी खुर्चीला चिकटून बाकीच्यांच्या पायांकडे बघत बसतो. सरांना विचारलं तर म्हणाले, 'फील करा.' फील काय करा, डोंबल?

तर प्रश्न तीन. साल्सातला एक कसा ऐकायचा? हे चार प्रकार पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत कसे ओळखायचे? आणि 'ऑन वन' की 'ऑन टू' हा काय वाद आहे? यूट्यूबच्या लिंका नकोत, भरपूर बघून झाल्यात. शब्दांत सांगा.

निवांत_नंदा

तुम्ही फार विचार करताय हो. आमच्या झुंबाच्या बाई गाणं लावतात, आम्ही पंचवीस जणी उड्या मारतो, कुणी काही मोजत नाही. वजन मात्र तेवढंच आहे. असो, वाचतेय.

मिरजकर_क्वीन्समध्ये

ढोलवाले, तुमची अडचण ढोलामुळेच आहे, तेव्हा बायकोला दोष देऊ नका.

मी मूळचा मिरजेचा, तबला शिकलेला. आता न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहतो. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत. तिथून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूने, सात नंबरच्या ट्रेनच्या लोखंडी पुलाखालून थोडं चाललं की कोलंबियन बेकऱ्या आणि इक्वेडोरच्या खानावळी लागतात. इथल्याच एका हौशी बँडमध्ये मी काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवतो. लग्नं, बाप्तिस्मे, मुलींचे पंधरावे वाढदिवस, जे मिळेल ते.

पथकात पहिला टोल छातीवर येतो. चुकायची सोयच नाही. साल्सात समेवर कुणी असा घाव घालत नाही. उलट सगळे वादक मिळून ती जागा राखून ठेवतात आणि आजूबाजूने वाजवतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

आधी बास ऐका. बास एकवर पडणार, असं आपण हिंदी गाण्यांच्या सवयीने धरून चालतो. साल्साचा बास बहुतेक वेळा दोन आणि तीनच्या मधोमध वाजतो, मग चारवर वाजतो, आणि चारचा तो स्वर पुढच्या एकवरून तसाच ओढून नेतो. म्हणजे एक येतो तेव्हा बास आधीच येऊन बसलेला असतो. तुम्ही जाड आवाज शोधून त्यावर पाय टाकत असणार, मग पाऊल दर वेळी आधी पडणारच. बासला तात्पुरता रामराम ठोका.

काँगा धरा. दोनवर उजव्या हाताची कोरडी चापट असते, 'चट्'. चारवर आणि चारच्या अर्ध्यावर दोन मोकळे, गुंजणारे बोल, 'टुम्-टुम्'. मधल्या जागा डाव्या हाताच्या तळव्याने आणि बोटांनी हलकेच भरलेल्या असतात, त्या बाहेर फारशा ऐकू येत नाहीत. एवढंच लक्षात ठेवा : टुम्-टुम् झालं की लगेच पुढची मात्रा एक. नाहीतर पाच, कारण नाचणारे आठ मोजतात आणि काँगा चारातच फिरतो. एक की पाच हे गाण्याच्या ओळीवरून कळतं. पियानोची आकृतीही आठाचीच असते, ती जिथे पुन्हा सुरू होते तिथे कान द्या. आणि गाणं अर्ध्यावर आलं, कोरस तीच ओळ परतपरत म्हणू लागला आणि मुख्य गायक मधल्या जागेत मनाला येईल ते गाऊ लागला, की बोंगोवाला बोंगो खाली ठेवून हातात मोठी घंटा घेतो. गाईच्या गळ्यातली असते तशीच, पण लोलक नसलेली, काठीने वाजवायची. तिचे जोरकस ठोके एक, तीन, पाच, सात असे सरळ पडतात. नवशिक्यांचे पाय हमखास तिथे सुधारतात. मी स्टेजवरून बघत असतो ना.

सगळे क्लावेचं नाव घेतात म्हणून तेही सांगतो. क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन गोल दांड्या आणि त्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा साचा. वहीत एक ते सोळा आकडे लिहा (नाचाचे आठ, त्यांचे अर्धे-अर्धे धरून सोळा) आणि १, ४, ७, ११, १३ ला गोल करा. हा झाला सोन क्लावे. आता त्याच सोळांवर तीनताल मांडा. टाळ्या १, ५, १३ ला, खाली ९ ला. क्लावेचा पहिला ठोका समेवर, शेवटचा तेरावर, मधले तिन्ही टाळ्यांना चुकवून, आणि ८-९-१० पूर्ण रिकामे. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा फार मजा वाटली होती. पण म्हणून कुणी लगेच 'साल्साचं मूळ भारतात' असा धागा काढू नये. हा साचा आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर क्यूबाला पोचला. क्यूबन रूम्बात यातला सातवरचा ठोका आठवर सरकतो, एवढाच फरक, पण चालच बदलते. बरीच गाणी उलट्या अंगाने, म्हणजे नऊपासून सुरू होतात, त्यामुळे क्लावेवरून एक शोधायच्या भानगडीत तूर्त पडू नका. पुष्कळदा तर त्या दांड्या कुणी वाजवतही नाही, सगळे नुसते मनात धरून असतात.

आता ओळख. मी ती एकेका वाद्यावरून करतो.

मेरेंगे सगळ्यात सोपा. धातूच्या नळकांड्यावर काटे ओढल्याचा अखंड खर्रखर्र आवाज, ती ग्विरा. तिच्याखाली ताम्बोरा. हा ताम्बोरा तुम्हाला आवडेल : मांडीवर आडवा घ्यायचा दोन तोंडांचा ढोल, एका तोंडावर काठी, दुसऱ्यावर हात. गावाकडच्या मेरेंगेत सोबत अ‍ॅकॉर्डियन असतं. पाय प्रत्येक मात्रेला, डावा-उजवा, डावा-उजवा. चुकूच शकत नाही. डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो १९३० ते १९६१ सत्तेवर होता आणि त्याने मेरेंगेला राष्ट्रीय संगीत करून टाकलं. बँडांना त्याच्या स्तुतीची गाणी वाजवावी लागत.

बचाताही तिथलाच, आणि त्याच काळाचा सावत्र भाऊ. गिटार रडल्यासारखी किणकिणत असेल, खाली बोंगो आणि ग्विरा, तर बचाता. तीन पावलं, चौथ्याला टॅप. त्रुहियोचा खून झाला मे १९६१ मध्ये आणि होसे मानुएल काल्देरोन या गायकाने बचाताची पहिली ध्वनिमुद्रणं केली १९६२ मध्ये. या तारखा शेजारीशेजारी येणं हा योगायोग नाही, कारण तोवर रेकॉर्डिंगचा धंदा त्याच्याच घराच्या मुठीत होता. पुढेही कित्येक वर्षं सभ्य घरांतून बचाता ऐकला जात नसे : दारूचे अड्डे, वेश्यावस्ती, मोलकरणी आणि गाडीवाल्यांचं संगीत. लावणीबद्दल आपली आजी ज्या सुरात बोलायची तोच सूर. सांतो दोमिंगोच्या रेडिओ ग्वाराचिताने तो खेडोपाडी जिवंत ठेवला, १९९० मध्ये हुआन लुईस गेर्राने त्याला दिवाणखान्यात आणलं आणि मग न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या पोरांनी, आव्हेंतुरा या गटाने, जगभर नेलं. क्लासमधून हल्ली 'सेन्शुअल बचाता' म्हणून इंग्रजी पॉपगाण्यांची रिमिक्सं लावतात, त्यात गिटारच नसते. माझं मत विचाराल तर तो बचाता नाही, पण मला कोण विचारतंय.

कुंबियात खरवड 'चुक्-चुकु-चुक्' अशी तुटक आणि डुलत येते, चाल मध्यम. ताल लंगडत पुढे जातोय असं वाटलं तर कुंबिया.

आणि पियानो, ब्रास, काँगा सगळं एकदम गजबजून वाजतंय आणि एक सापडत नाही, तो साल्सा!

'ऑन वन', 'ऑन टू'चं थोडक्यात : पुढे-मागे जाताना शरीराची दिशा कुठल्या मात्रेला फिरते, एवढाच प्रश्न. एकला फिरलात तर लॉस एंजेलिसची पद्धत, दोनला फिरलात तर न्यूयॉर्कची. दोनवाली मोजणी एडी टोरेस या शिक्षकाने बसवली. तो तितो प्वेंतेच्या ऑर्केस्ट्राबरोबर नाचायचा. दोनवर काँगाची चापट असते, म्हणून आम्हा वादकांना दोनवाले जवळचे वाटतात. तुम्ही मात्र बायको ज्यात नाचते त्यातच नाचा.

ढोलवाला_पुणे ३०

मिरजकर, साष्टांग! क्लासची फी तुम्हालाच द्यायला हवी होती.

कालपासून बसमध्ये येता-जाता हेडफोन लावून फक्त टुम्-टुम् शोधतोय. सापडतंय! एक आणि पाचात अजून घोळ होतो, पण निदान पाय अधांतरी राहत नाहीत. बासबद्दल तुम्ही म्हणालात ते तंतोतंत, मी त्यावरच पडत होतो.

कुंबियाचं मात्र अजून गणित जमत नाही. 'कुंबिया' म्हणून शोधलं तर एक गाणं अ‍ॅकॉर्डियनचं, एक चक्क साठीतल्या हिंदी क्लब साँगसारखं इलेक्ट्रिक गिटारचं, आणि एक तर असं की टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेत. गायक झोपेत गातोय. हे सगळं एकच?

मिरजकर_क्वीन्समध्ये

एकच, आणि तुम्ही नकळत फार छान जागी बोट ठेवलंत.

कुंबिया मूळची कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याची, माग्दालेना नदीच्या खालच्या खोऱ्यातली. ढोल आफ्रिकन घडणीचे, गाइता नावाच्या लांब बासऱ्या तिथल्या आदिवासींच्या, आणि झगे-गाणी स्पॅनिशांची. त्यात एक छोटा ढोल असतो, यामादोर. त्याला दुसरं काही कामच नाही : अख्खं गाणंभर दोन मात्रांच्या मधल्या जागेवर एकच ठोका देत राहायचं. ज्याला हात शिवशिवतात त्याला हा ढोल कधी देत नाहीत. त्यामुळेच तो लंगडता डौल येतो. नाचही पायांचा फार नाही. बायका हातात पेटत्या मेणबत्त्यांची जुडी धरून, घेरदार झगा सावरत, जमिनीवरून पाय घसटत गोल फिरतात आणि पुरुष टोपी घेऊन भोवती पिंगा घालतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कोलंबियन आजी अजून स्वयंपाकघरात भांडी विसळताना तसे पाय घसटतात. खाली आम्हाला ऐकू येतं.

१९४०च्या दशकात लुचो बेर्मूदेससारख्यांनी ती ऑर्केस्ट्रात बसवली, डिस्कोस फ्वेंतेससारख्या कंपन्यांच्या तबकड्यांवरून ती खंडभर गेली, आणि जिथे गेली तिथली होऊन बसली. तुमचं इलेक्ट्रिक गिटारवालं गाणं बहुधा पेरूचं. तिथे १९६०च्या शेवटाला एन्रिके देल्गादोच्या लोस देस्तेयोससारख्या गटांनी कुंबिया सर्फ गिटारवर वाजवली. पुढे अँडीजमधून लिमाला पोट भरायला आलेल्यांनी त्यात आपले डोंगरातले सूर घातले आणि त्याला 'चिचा' म्हणू लागले. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या झोपडपट्ट्यांतून 'कुंबिया व्हिय्येरा' निघाली, स्वस्त कीबोर्ड आणि पोलिसांना शिव्या.

आणि सेल उतरलेलं गाणं मेक्सिकोच्या मोंतेर्रेचं! तिथे डोंगरउतारावरच्या कामगार वस्त्यांना कोलंबियन संगीताचं वेड लागलं. 'सोनिदेरो' म्हणजे मोठमोठे स्पीकर घेऊन गल्लीत नाच लावणारे लोक, आपल्या डीजेवाल्यांचेच चुलते. त्यांच्यातल्या गाब्रिएल द्वेन्येस याचं यंत्र एका कार्यक्रमात तापून मंदावलं, गाणं ओघळल्यासारखं संथ झालं आणि लोकांना तेच आवडलं, असं तिथे सांगतात. मग त्याच्या मुद्दाम कॅसेटी निघाल्या, 'रेबाखादा' म्हणजे उतरवलेली कुंबिया. त्या चालीवर पोरं गुडघे वाकवून, गोल करून, फार मन लावून नाचतात.

आता गंमत बघा. खुद्द कोलंबियात काली नावाचं शहर आहे, साल्साचं वेडं. तिथे साठीच्या दशकात नेमकं उलटं झालं. न्यूयॉर्कहून आलेल्या पाचांगा आणि बुगालू या नाचगाण्यांच्या, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या नाचणाऱ्यांना मंद वाटू लागल्या, म्हणून त्या ४५ वर लावायला लागले. ३३ वरून ४५ म्हणजे वेग साधारण पस्तीस टक्क्यांनी जास्त आणि सूर सा पासून मध्यमाच्याही किंचित वर. गायकाचा पार पोपट होतो. पण त्या वेगाला पुरं पडता पडता कालीच्या लोकांचे पाय असे झाले की आजही कालीची जोडी कमरेखाली नुसती शिवणयंत्रासारखी चालते आणि वरचं अंग शांत. न्यूयॉर्कची जोडी रिची रे आणि बॉबी क्रूस १९६८च्या डिसेंबरात कालीच्या जत्रेत येऊन वाजवून गेले, ते तिथले म्हातारे अजून काल घडल्यासारखं सांगतात.

एका शहराने तबकडी पळवली, दुसऱ्याने कॅसेट ओढली, आणि दोन्ही ठिकाणी संगीत दुसऱ्या गावचं होतं. पायांना जमेल तसं त्यांनी ते करून घेतलं. सोशलला तुम्हाला वेग जास्त वाटला तर सरांना सांगून हळू गाणी लावून घ्या. त्यात कमीपणा नाही.

अस्सल_क्यूबन

चर्चा चांगली आहे, पण एक मुद्दा सोयीस्करपणे सुटलाय. साल्सा असं काही नाहीच. तो 'सोन' हा क्यूबाचा जुना संगीतप्रकार आहे. अर्सेनियो रोद्रिगेसने १९४०च्या दशकातच सोनच्या बँडमध्ये काँगा, पियानो आणि जास्तीचे ट्रंपेट आणले होते. त्यावर न्यूयॉर्कच्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने नवं लेबल चिकटवून धंदा केला. एवढंच नाही, अनेक तबकड्यांवर क्यूबन रचनाकाराच्या नावाऐवजी नुसतं 'डी. आर.', म्हणजे 'हक्क राखीव', छापलं. नाचायचं तर 'कासिनो', म्हणजे क्यूबन पद्धतीचा नाच, शिका. गोलात जोड्या बदलत नाचायची 'रुएदा' एकदा बघा, मग एका रेषेतला साल्सा परेडसारखा वाटेल.

मिरजकर_क्वीन्समध्ये

अस्सल, डी. आर.चं खरं आहे आणि ते लाजिरवाणंच आहे. अर्सेनियोचंही मान्य. तो आंधळा माणूस झालाच नसता तर आज माझ्या हाताला काम नसतं. पण 'नुसतं लेबल' हे पटत नाही. १९६२च्या अमेरिकन निर्बंधांनंतर क्यूबाहून नव्या तबकड्या आणि वादक येणं जवळजवळ थांबलं. इथल्या पोर्तोरिकन पोरांनी जुन्यावरच आपलं उभं केलं : विली कोलोनचे दोन खरखरीत ट्राँबोन, त्यात पोर्तोरिकोचे बोंबा आणि प्लेना हे संगीतप्रकार, मग पनामाहून आलेला रूबेन ब्लादेस आणि त्याची गल्लीतल्या माणसांची गाणी. १९६४ मध्ये फानिया काढणारा जॉनी पाचेको स्वतः डोमिनिकन. हवानात बसून ब्राँक्सचा तो संताप संगीतात कसा आला असता? रुएदाबद्दल मात्र शंभर टक्के. ढोलवाल्यांनी ती शिकावीच, जोडीदार बदलत असल्याने चूक कुणाची ते कळत नाही.

साओ_पावलोची_सून

मी उशिरा आले. ढोलवाले, 'पहिला ठोका जोरात' ही सवय मोडायची असेल तर ब्राझीलच्या सांबा शाळेची तालीम ऐका. तिथला सूर्दो तुमच्या ढोलापेक्षाही मोठा, खांद्याला पट्ट्याने अडकवलेला. दोन मात्रांचा ताल, आणि सगळ्यात जाड सूर्दो वाजतो दुसऱ्या मात्रेवर! एकला दुसरा, थोडा चढा सूर्दो उत्तर देतो. रिओच्या मांगेरा शाळेत तर तो उत्तर देणाराही नाही, अख्ख्या वादकवृंदात जाड ठोका फक्त दोनला. अडीच-तीनशे माणसं एकावेळी वाजवतात, पुढे एक मेस्त्रे शिट्टी घेऊन. मी कोल्हापूरची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सारखं वाटायचं की हे सगळे एक मात्रा उशिरा आलेत.

ढोलवाला_पुणे ३०

अडीच-तीनशे आणि जोर दोनला?! आमच्या पथकात चाळीस जणांचा टोल एकत्र आणताना नाकी नऊ येतात. साओ_पावलोची_सून, एक विचारतो : सूर्दोला पान कशाचं असतं, चामड्याचं की प्लॅस्टिकचं? आणि ते दोरीने ताणतात की नटबोल्टने? आमच्या पथकप्रमुखांना दाखवायचंय.

अस्सल, रुएदाचं सरांना विचारलं. म्हणाले, किमान चार जोड्या आणा. नंदाताई, येताय का?

निवांत_नंदा

मिस्टरांना विचारते. तबकडी ३३ वर लावणार असाल तर येऊ.

साओ_पावलोची_सून

दोन्ही असतं. शाळांमधून चामडं अजून वापरतात, पण पावसात ढिलं पडतं म्हणून नायलॉन किंवा प्लॅस्टिकही चालतं. ताण लोखंडी सळ्यांनी आणि नटांनी, चावी लावून. पिंप बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं. वाजवताना एका हातात कापडी गोळ्याची काठी, आणि दुसऱ्या हाताचा पंजा पानावर दाबून गुंज तोडायची, नाहीतर दोनचा आवाज एकवर सांडतो.